समुद्रफूल पाळायचंय: गार पाण्यातलं की उबदार?

समुद्रफूल म्हणजे सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा समुद्रातला प्राणी. स्कॉटलंडमध्ये, एडिंबरात मी दोन्ही प्रकारची पाळली आहेत, म्हणून सांगते: दिसायला कुठलं छान, हे नंतर बघा. आधी उन्हाळ्यात तुमच्या खोलीत किती अंश असतं ते मोजा.

उबदार पाण्यातलं म्हणजे बबल-टिप ही जात, उष्ण समुद्रातली. पाणी 24 ते 27 अंश हवं. त्याच्या अंगातले सूक्ष्म शैवाल प्रकाशावर अन्न बनवतात आणि त्यावरच त्याचं बरंचसं भागतं. त्यामुळे दिवा भारीतलाच घ्यावा लागतो, टाकीही चांगली सहा महिने मुरलेली लागते. समुद्रफुलात घर करणारा क्लाउनफिश मासा हवा असेल तर मात्र हेच घ्या. एक धोका आहे: ते जागा बदलत फिरतं. माझं एका रात्री पंपात ओढलं गेलं. सकाळी पाणी दुधाळ झालेलं आणि दोन मासे मेलेले. पंपाच्या तोंडाला स्पंज बांधायला हवा होता.

गार पाण्यातलं म्हणजे बीडलेट. ब्रिटनच्या खडकांवर ते पाहून माझा जीव अडकला. ओहोटीला ते पिकल्या कोकमासारखं गोल, लाल, चकचकीत होऊन बसतं. पाणी चढलं की उमलतं आणि कडेला निळ्या मण्यांची ओळ दिसते. ते मणी म्हणजे हत्यार. शेजारचं फार जवळ आलं तर ते फुगवून डंख मारतं. दोघांत अंतर ठेवा. दिवा साधा चालतो. आठवड्यातून दोनदा कोळंबीचा नखाएवढा तुकडा पुरतो. पिल्लं तोंडातून बाहेर टाकतं, तो दिवस मी विसरणार नाही! निसर्गअभ्यासक जॉन डॅलिएल यांनी 1828 मध्ये किनाऱ्यावरून आणलेलं एक याच शहरात काचेच्या बरणीत 1887 पर्यंत जगलं, त्यांच्या माघारीही. सांभाळणारे पाणी तेवढं बदलत राहिले.

बीडलेटचा खर्च सगळा गारव्याचा. पाणी 10 ते 16 अंशांत ठेवायचं. खोली उबदार असेल तर चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, आलाच. तो आवाज करतो, खोली तापवतो, आणि बाहेरून काचेला घाम सुटून खालचं लाकूड फुगतं. माझी खोली उत्तरेकडची, म्हणून भर उन्हाळ्यातच लावावा लागतो. पुण्या-मुंबईत मे महिन्यात तो अखंड चालेल आणि वीज गेली की पाणी तापायला लागेल. तिथे मी बीडलेट नेणार नाही.

खडकावरून खरवडून तर आणूच नका, खडकाला चिकटलेला त्याचा तळवा फाटला की बहुधा दगावतं. बबल-टिप घेणार असाल तर कुणाच्या टाकीत दुभागून झालेलं मागा. ते टाकीला सरावलेलं असतं.