स्क्रोल सॉ: पिनवालं ब्लेड की बिनपिनचं?

स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक ब्लेड वर-खाली हलवून लाकूड कापणाऱ्या मशीनवर, नक्षी कापायला बसलं की लाकडाआधी प्रश्न येतो ब्लेडचा. दोन्ही ब्लेडं साधारण 5 इंचांचीच, फरक टोकांना.

पिनवाल्या ब्लेडच्या दोन्ही टोकांना आडवी बारीक पिन असते. ती मशीनच्या खाचेत अडकवली की झालं, लगेच काम सुरू. नवशिक्याला हे फार सोयीचं वाटतं. मलाही वाटलं होतं, पानाच्या शिरा कोरायला घेईपर्यंत. आतला भाग कापायचा तर आधी भोक पाडून त्यातून ब्लेड ओवावं लागतं, आणि पिनसकट ब्लेड जायला चांगलं 4-5 मिलिमीटरचं भोक लागतं. माझी शीरच मुळात 2 मिलिमीटरची! भोकं पाडून झाली तेव्हा पान किडीनं खाल्ल्यासारखं दिसत होतं.

बिनपिनचं ब्लेड टोकांना सपाट, ते मशीनला स्क्रूनं आवळून धरावं लागतं. बारीक नंबरचं (नंबर म्हणजे ब्लेडचं माप) असेल तर 1 मिलिमीटरच्या आसपासच्या भोकातूनही जातं आणि जवळजवळ जागच्या जागी वळतं. नंबर आणि दातांचे प्रकारही भरपूर. त्रास एवढाच, की स्क्रू नीट आवळला नाही किंवा टोकाला तेलाचा अंश राहिला, तर ते ऐन वळणावर निसटतं. टोकं सँडपेपरनं घासून घ्या, पकड बसते.

मोठ्या वळणांची खेळणी कापायची तर पिनवालं चालेल. जाळीकामाला मात्र बिनपिनचंच. मशीन घेतानाच बघा, काहींना फक्त पिनवालंच बसतं.