लहान मुलांसाठी स्वस्त ऑनलाइन होमस्कूल करिक्युलम: आठ महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आमची लेक साडेपाच वर्षांची आहे. गेले आठ महिने तिला घरीच शिकवतोय आणि तेवढ्यात एक पेड पॅकेज घेऊन बंद करून झालं, फुकटातले चार पर्याय वापरून झाले, त्यातले तीन अजून चालू आहेत. कमी खर्चात सुरुवात करायची असेल त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा सगळीकडे नुसत्या नावांच्या याद्या मिळायच्या, मूल समोर बसल्यावर नेमकं काय होतं ते कुणीच सांगत नव्हतं.

आधी पेड पॅकेजबद्दल. नाव घेत नाही. सगळे विषय एकाच ठिकाणी, रोजचा प्लॅन तयार, पालकांना दर आठवड्याला रिपोर्ट, म्हणजे कागदावर सगळं छानच. पहिले तीन आठवडे मी खूश होते, रिपोर्टमध्ये रीडिंगला कायम ९० च्या वर टक्के यायचे. मग एकदा सहज तीन अक्षरांचा एक सोपा इंग्लिश शब्द पेन्सिलने कागदावर लिहून दिला तर तिला तो वाचताच येईना, माझ्याकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम शेजारी बसून शेवटपर्यंत बघितलं. स्क्रीनवर तीन चित्रं यायची, ती पहिल्यावर टॅप करायची, चुकलं की दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर, तिसरं बरोबर यायचंच, आणि मग चांदण्या पडायच्या, घंटा वाजायची, पुढचा प्रश्न. तिचं यात काहीच चुकलं नव्हतं, तिच्या दृष्टीने तो खेळ असाच खेळायचा होता. पण चुकल्यावर "थांब, आपण हा आवाज परत ऐकू" असं तिथे कुणी म्हणतच नव्हतं आणि रिपोर्टमध्ये फक्त शेवटचं बरोबर उत्तर मोजलं जात होतं.

तेव्हापासून कुठलाही करिक्युलम बघताना मी आधी हेच बघते, मूल चुकल्यावर पुढे काय होतं. किती विषय आहेत, किती गाणी आहेत, ॲनिमेशन कसं आहे हे सगळं त्यानंतर. ट्रायल घेतली की मुद्दाम पाच उत्तरं चुकवून बघा, दहा मिनिटांत कळतं.

आणि ट्रायल घेताना कॅन्सल कुठून करायचं ते आधी शोधून ठेवा, नंतर नाही. आमची ट्रायल संपली त्या दिवशी पूर्ण वर्षाचे पैसे एकदम कापले गेले, ॲपमध्ये कॅन्सलचं बटणच नाही, वेबसाइटवर लॉगिन करून अकाउंटच्या आत तीन पानं खाली जावं लागलं, वर दोन मेल करावे लागले. हे फक्त आमच्याच बाबतीत झालंय असंही नाही. आपोआप रिन्यू होणारी मेंबरशिप आणि अवघड कॅन्सलेशन यावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० मध्ये मुलांच्या एका मोठ्या लर्निंग साइटच्या कंपनीशी समझोता केला होता, त्यात कंपनीला तब्बल १ कोटी डॉलर भरावे लागले. म्हणून आता माझा नियम, महिन्याचा प्लॅन असेल तरच कार्ड नंबर द्यायचा, वर्षाचा प्लॅन कितीही स्वस्त पडत असला तरी.

आता फुकटातलं. खान अकॅडमी किड्स हे ॲप २०१८ मध्ये आलं, २ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी आहे, संस्था ना-नफा असल्यामुळे जाहिराती नाहीत आणि आत काही विकतही घ्यावं लागत नाही. कोडी नावाचं अस्वल आणि त्याचे मित्र आहेत, लेकीला ते फार आवडतात. अक्षर गिरवणं, मोजणं, गोष्टीची पुस्तकं, सगळं आहे आणि केलंयही मनापासून. पण टॅप करून उत्तर द्यायचं तिथेही आहेच, त्यामुळे नवीन गोष्ट शिकवायचं काम मी त्याच्यावर सोडत नाही, शिकलेलं पक्कं करायला वापरते. ॲप स्वतः ठरवतं त्या क्रमाने जाऊ न देता मी लायब्ररीत जाऊन सकाळी जे शिकवलं त्याचंच काहीतरी लावून देते. वीस मिनिटं, मग बंद. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त १ तास स्क्रीन असं सांगितलंय, आमची त्यापेक्षा मोठी आहे, पण मला तो आकडा अजूनही बरा वाटतो.

खरं शिकवणं चालतं ते कोअर नॉलेजच्या पीडीएफवर. हे फाउंडेशन अमेरिकन आहे, १९८६ पासूनचं, आणि त्यांचं लँग्वेज आर्ट्सचं (इंग्लिश वाचन, लेखन, ऐकणं) साहित्य, म्हणजे टीचर गाइड आणि मुलांची वर्कबुक्स, वेबसाइटवरून फुकट उतरवता येतं. दिसायला अगदी साधं, त्यामुळे पहिल्यांदा मी बघून सोडून दिलं होतं, ती माझी चूक. यात वाचनाचा भाग वेगळा आणि ऐकायचा भाग वेगळा. वाचनात अक्षरं दाखवायच्या आधी नुसते तोंडी आवाज जोडायला शिकवतात, मी तीन आवाज सुटे सुटे म्हणायचे आणि तिने ते जोडून शब्द सांगायचा, स्वयंपाकघरात, जिन्यात, कुठेही. दोन आठवडे एवढंच केलं. मग अक्षरं आली तेव्हा त्यांची नावं न घेता आधी आवाज, आणि कॅपिटलच्या आधी स्मॉल अक्षरं. इंग्लिशमध्ये अक्षरं २६ आणि आवाज साधारण ४४, त्यामुळे क्रम नीट नसला की मूल अंदाजाने वाचायला लागतं. आणि इथे ती चुकली की मला ऐकू येतं! कुठला आवाज अडलाय ते त्याच क्षणी कळतं, आम्ही तिथेच थांबतो. सव्वादोन महिन्यांनी तिने तीन अक्षरी शब्द कुणी न सांगता वाचला, तेव्हा चांदण्या पडल्या नाहीत पण ती स्वतःच उठून नाचली.

ऐकायच्या भागात मोठ्यांनी वाचून दाखवायचे धडे आहेत, पंचेंद्रियं, झाडं, शेती, ऋतू आणि हवामान वगैरे. या वयात मुलांना वाचून जेवढं समजतं त्यापेक्षा ऐकून कितीतरी जास्त समजतं, त्यामुळे हा भाग गाळू नका. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, कोलंबस असले धडे मी सोडून दिले, आणि बाकीचे वाचताना सरळ मराठीत सांगते. गाइड वर्गातल्या शिक्षकासाठी लिहिलंय म्हणून लांबलचक आहे, अर्धं आपल्याला लागत नाही.

ईझी पीझी ऑल-इन-वन होमस्कूल पण बघितलं, तेही फुकट, वर्षाचे १८० दिवस आखून दिलेले, रोज काय करायचं ते लिहिलेलं. ख्रिश्चन धार्मिक आशय आहे, ज्यांना चालतो त्यांना प्लॅनिंगचा सगळा त्रास वाचेल. आम्ही दोन आठवड्यांत थांबवलं, दर थोड्या वेळाने नवीन लिंक उघडायची म्हणजे लेकीचं लक्ष उडायचं.

मराठीसाठी स्टोरीवीव्हर ही गोष्टींची फुकट वेबसाइट. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं, गोष्टी लेव्हलप्रमाणे लावलेल्या आणि ओपन लायसन्सवर, म्हणजे डाउनलोड करून प्रिंट काढायलाही मोकळीक. घरात मराठी बोलत असाल तर मराठी वाचन मागे ठेवू नका. लिहिलं तसं वाचायचं असल्यामुळे मुलाला लवकर यश मिळतं, आणि आवाज जोडायची सवय इंग्लिशलाही उपयोगी पडते, आमच्याकडे तसंच झालं.

गणितासाठी या वयात ऑनलाइन काही विकत घ्यायची गरज मला तरी वाटली नाही. बटणं, खडे, काड्या, दहा-दहाचे गठ्ठे. सात काड्या दोन ढिगांत किती प्रकारे वाटता येतात हे तिने हातांनी करून बघितलं, मग चित्र काढलं, मग आकडे लिहिले. स्क्रीनवर तेच तिसऱ्या मिनिटाला कंटाळवाणं झालं होतं.

एक मात्र स्पष्ट सांगते. हे सगळं फुकट असलं तरी वेळ फुकट नाही. आमचा रोज पाऊण तास समोरासमोर बसून जातो, शिवाय आठवड्यातून एकदा तासभर माझी तयारी. घरात कुणालाच तेवढा वेळ निघत नसेल तर तयार प्लॅनचं पेड पॅकेज घेण्यात काही चुकीचं नाही, फक्त वाचनाची दहा मिनिटं तरी स्वतः शेजारी बसून ऐका.

प्रिंटचा खर्च वाढतो अशी भीती असते, त्यासाठी गाइड टॅबलेटवरच ठेवलंय, फक्त वर्कबुकची पानं छापतो, आणि ती प्लास्टिकच्या पारदर्शक फोल्डरमध्ये घालून वरून व्हाइटबोर्डच्या मार्करने लिहून घेतो. एकच पान चार-पाच वेळा पुसून वापरता येतं, आणि चुकलेलं अक्षर लेक स्वतःच पुसून परत काढते.