फेनोफायब्रेट 145: औषध पंधरा मिलिग्रॅम कमी, बिल मात्र जास्त

ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातली चरबी, आणि ती उतरावी म्हणून फेनोफायब्रेटची गोळी देतात; यापुढे जास्त सांगत बसत नाही. ज्यांना ती चालू आहे ते आपापले रिपोर्ट कोळून प्यालेले असतात. लिहायला निमित्त झालं आमच्या औषधवाल्याचं. चिठ्ठीवर 145 मिलिग्रॅम स्वच्छ लिहिलेलं, आणि पठ्ठ्याने 160 ची स्ट्रिप पिशवीत टाकली. परत केली तर म्हणतो, "काका, औषध एकच आहे. उलट पंधरा मिलिग्रॅम जास्त मिळतंय, तेही स्वस्तात. तुमचं नुकसान काय?" मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंनाही ते लगेच पटलं.

या पंधरा मिलिग्रॅमवर मी गेले काही महिने जेवढा विचार केलाय तेवढा घराच्या कर्जावरही केला नसेल.

आधी मीही 160 वरच होतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, भरल्या पोटी, जेवणाबरोबर. आता आमचं जेवण म्हणजे काय? चाकणला कंपनीत तीन शिफ्ट. पहिल्या पाळीला पहाटे घर सोडायचं, दुसरीला रात्री बारानंतर ताट, तिसरीला कॅन्टीनचा वडा आणि सकाळी येऊन झोप. त्यात संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत पोटात साबुदाण्यापलीकडे काही नाही. गोळी मात्र मी ठरल्या वेळी घेणारा. म्हणजे अर्ध्या वेळा ती रिकाम्या पोटात पडायची.

इथेच गोम आहे. फेनोफायब्रेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, आणि न विरघळलेलं औषध आतड्याची भिंत ओलांडून रक्तात जात नाही. जेवणातलं तेल-तूप आणि त्यामुळे सुटणारं पित्त त्याला विरघळायला मदत करतं. 160 च्या गोळीचं शोषण जेवणाबरोबर सुमारे 35 टक्के वाढतं, असं अमेरिकेतल्या मूळ गोळीच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे. उलटा हिशेब मांडा: उपाशीपोटी घेतलेली 160 साधारण 118 एवढंच काम करणार. दुकानदार जास्तीचे पंधरा कुठून मोजतो ते त्यालाच माहीत.

145 मध्ये औषध तेच, फक्त दळण वेगळं. मूळ पद्धतीत औषधाची पूड पाण्यात कालवून, बारीक मण्यांबरोबर गिरणीत तासन्‌तास घुसळतात, कण 1000 नॅनोमीटरच्याही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही, आत येईपर्यंत. म्हणून हिला नॅनो म्हणतात. बाळगुटीचं जायफळ आजी सहाणेवर पाण्यात उगाळायची, तिचाच हा कारखानी अवतार. कण पुन्हा एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांना पॉलिमरचा आणि साबणासारख्या द्रव्याचा पातळ लेप असतो. कणाचा व्यास निम्मा केला की तेवढ्याच औषधाचा पृष्ठभाग दुप्पट होतो, आणि पृष्ठभाग जितका जास्त तितकं विरघळणं जलद. नॉयस आणि व्हिटनी या दोन रसायनशास्त्रज्ञांनी विरघळण्याच्या वेगाचं गणित 1897 मध्येच मांडून ठेवलंय. तेवढं बारीक दळायचं कसं, हे जमायला पुढे शंभर वर्षं गेली.

(मूळ 145 मध्ये साखरही असते. मधुमेहवाल्यांनी दचकू नये, एका गोळीत असून असून किती असणार.)

145 सुरू केल्यावर पहिल्या रिपोर्टला ट्रायग्लिसराइड्स दोनशेच्या खाली आले. 160 वर असताना तीनशेच्या खाली उतरायला तयार नव्हते. मी खूश. कॅन्टीनमध्ये नॅनोचा प्रचारकच झालो होतो. डॉक्टरांनी मात्र शांतपणे विचारलं, "रात्रीचा वडा बंद केलात ना? आणि शनिवारचं बसणं?" दोन्ही बंद होतं. त्यामुळे आता रिपोर्टचं सगळं श्रेय गोळीला देत नाही. त्यांनी आणखी एक स्पष्ट केलं: 145 ही जास्त जोरदार गोळी नाही. जेवणाबरोबर घेतलेल्या 160 ने रक्तात जेवढं औषध पोचतं तेवढंच 145 ने पोचतं, फक्त जेवलात की नाही याची ती फिकीर करत नाही. म्हणजे जास्तीचे पैसे जातात ते जेवणाच्या वेळेतून सुटका मिळावी म्हणून.

नॅनोच्या जाहिरातींत जे आकडे फेकतात तेही एकदा नीट बघावेत. डॅनाझॉल नावाच्या औषधावरचा 1995 चा प्रयोग प्रसिद्ध आहे: कुत्र्यांना साधं औषध दिलं तर 5 टक्के रक्तात पोचलं, 169 नॅनोमीटरच्या कणांचं दिलं तर 82 टक्के. आकडा खरा आहे, पण तो डॅनाझॉलचा आणि कुत्र्यांचा. फेनोफायब्रेटमध्ये नफा काय, तर पंधरा मिलिग्रॅम आणि जेवणाची सूट. हळदीच्या कॅप्सूलवर नॅनो छापून तिप्पट भाव लावणाऱ्यांचं तर बोलायलाच नको.

खरी गरज कुठे होती ते मला पटलं मेजेस्ट्रॉलच्या उदाहरणावरून. एड्सच्या ज्या रुग्णांची अन्नावरची वासना उडते त्यांना भूक लागावी म्हणून देतात ते हे औषध, आणि त्याचं जुनं पातळ औषध रिकाम्या पोटी नीट शोषलं जायचं नाही. भूक लागायला औषध, आणि औषध लागू पडायला आधी जेवा! 2005 मध्ये अमेरिकेत त्याचं नॅनो रूप आलं: 20 मिलिलिटरमधल्या 800 मिलिग्रॅमच्या जागी 5 मिलिलिटरमध्ये 625. तिथे कोणी जास्त पैसे मागितले तर मी हुज्जत घालणार नाही.

फेनोफायब्रेटची गोष्ट मात्र इतकी सोज्वळ नाही. हे औषध फ्रान्समध्ये 1975 पासून आहे. अमेरिकेत 1998 मध्ये ते कॅप्सूलमध्ये आलं, 2001 मध्ये 160 ची गोळी आली, 2004 मध्ये 145 ची. दर वेळी स्वस्त जेनेरिक दारात येऊन उभं राहिलं की आकडा बदलला. जेनेरिक बनवणाऱ्या टेव्हा कंपनीने मूळ गोळीच्या अबॉट आणि फूर्निए या कंपन्यांवर हाच आरोप केला, की जुना माल बाजारातून काढून घेऊन जेनेरिकची वाट अडवली. खटला फेटाळून लावावा ही मागणी डेलावेअरच्या न्यायालयाने 2006 मध्ये नाकारली आणि 2008 मध्ये तडजोड झाली. हे वाचल्यावर दोन दिवस 145 घेताना माझं डोकं फिरलेलं असायचं. पण गोळी घेतली. माझी तिसरी पाळी डेलावेअरच्या न्यायालयाला विचारून लागत नाही.

हृदयविकार टळेल या भरवशावर कोणी घेत असेल तर तेही जरा थांबून विचारा. मधुमेहींवरचे दोन मोठे अभ्यास झाले, 2005 चा फील्ड आणि 2010 चा अ‍ॅकॉर्ड. दोन्हींत मुख्य निकषावर लक्षणीय फायदा दिसला नाही. कण बारीक केल्याने तो निकाल बदलत नाही. मला दिलीय ती आकडा पाचशेच्या पुढे जाऊन स्वादुपिंडाला सूज येऊ नये म्हणून. क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा रिपोर्टमधला आकडा, थोडं वाढलं तेव्हा मी घाबरलो होतो. या औषधाने ते वाढू शकतं आणि बंद केल्यावर सहसा उतरतं, असं डॉक्टर म्हणाले, पण दर वेळी तपासतात.

दोन्ही वेळा घरचं गरम ताट समोर येत असेल तर माझ्या मते 160 भागते, पैसे वाचवा. बदल मात्र डॉक्टरांनाच करू द्या. पाळ्या, प्रवास, उपासतापास असतील तर 145 सोयीची. आणि 145 च्या चिठ्ठीवर कोणी 160 देत असेल तर आधी जेवणाचं विचारा, मिलिग्रॅमचं नंतर.

स्ट्रिपबद्दल मात्र राग आहे. माझ्या स्ट्रिपवर कण बारीक असल्याचा, जेवणाशिवाय चालते याचा एक शब्द नाही. 145 हा आकडा तेवढा, तोही चकचकीत चंदेरी कागदावर करड्या शाईत. एक्सपायरी एका टोकाला, आणि दुकानदार कात्री चालवतो ती नेमकी तिथेच. मी आता पूर्ण स्ट्रिपच घेतो. परवा तो म्हणाला, "145 तुमच्याशिवाय कोणी नेत नाही, एकदम तीन महिन्यांची न्या." म्हटलं, तीन महिन्यांची नेतो, डिस्काउंट किती देणार? तर पुन्हा 160 दाखवायला लागला.