फायरवॉलने स्विचला सांगून पीसी तोडायचा: डाळ मिलमधला आठ महिन्यांचा अनुभव

जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळ मिलचं नेटवर्क मी एकटा बघतो. ऑफिसात २२ पीसी, वजनकाट्याच्या केबिनमध्ये एक, गोडाऊनला कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा), आणि टॅली व डोमेनचा (ऑफिसच्या लॉगिनचा) मिळून एकच सर्व्हर. दिवाळीआधी एकाच कंपनीची फायरवॉल आणि तीन मॅनेज्ड स्विच (पीसींच्या वायरी जोडणारे, हुकूम ऐकणारे डबे) घेतले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढच्या फजित्या बहुतेक माझ्याच हातच्या आहेत आणि फायरवॉलने स्विचला सांगून पीसी तोडायची ही सोय आता बऱ्याच कंपन्या देतात.

मुळात हे घेतलं कशाला? साधी फायरवॉल म्हणजे गेटवरचा वॉचमन. एकाच व्हीलॅनमधले (नेटवर्कच्या एकाच कप्प्यातले) दोन पीसी आपसात बोलतात तेव्हा ते पॅकेट, म्हणजे डेटाचं पुडकं, स्विचवरूनच फिरतं, गेटपर्यंत येतच नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस एकदा आत शिरला की पोर्ट ४४५ (विंडोजच्या फाइल शेअरिंगचा दरवाजा) वरून शेजारच्या पीसीत असाच घुसायचा. म्हणजे लागण झालेलं मशीन तोडायचं तर स्विचवरच. आमचा नियम असा: एखादं मशीन बॉटनेटच्या (हॅकरच्या ताब्यातल्या मशीनच्या टोळीच्या) पत्त्याकडे जाताना दिसलं, की फायरवॉल त्याचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डचा ओळख क्रमांक) स्विचला कळवते, स्विच त्याला क्वारंटाइन, म्हणजे वेगळं कोंडायच्या, व्हीलॅनमध्ये टाकतो आणि मला मेल येतो. तिथून ना टॅली, ना इंटरनेट.

मांडणी अर्ध्या दिवसात झाली. तिथेच मी फसलो.

पहिल्याच आठवड्यात भर सकाळी अख्ख्या ऑफिसची टॅली बंद. मेल उघडला तर क्वारंटाइनमध्ये गेलेलं मशीन म्हणजे आमचा सर्व्हरच! कारण शोधायला मला दुपार झाली. सगळे पीसी डीएनएससाठी (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधायला) सर्व्हरला विचारतात आणि सर्व्हर बाहेर विचारतो. कुणाच्या तरी ब्राउझरने बदनाम वेबसाइटचा पत्ता मागितला, पण फायरवॉलला विचारणारा दिसला तो सर्व्हर. चोर राहिला बाजूला, निरोप्या धरला गेला. त्या दिवसापासून सर्व्हर अपवादाच्या यादीत आहे. शिवाय तो वेगळ्या व्हीलॅनमध्ये नेला आणि पीसी आणि सर्व्हर यांच्यामधल्या फायरवॉलच्या नियमावर डीएनएस फिल्टर लावला. आता पीसीचा प्रश्न फायरवॉलमधूनच सर्व्हरकडे जातो, त्यामुळे खरा विचारणारा सापडतो.

दुसरी फजिती तुरीच्या हंगामातली. काट्याच्या केबिनसाठी मी मॅक अडवण्याऐवजी सरळ स्विचचा पोर्ट (वायर खोचायची जागा) बंद करण्याची अ‍ॅक्शन ठेवली होती. त्या पोर्टखाली कुणीतरी आठ पोर्टचा साधा स्विच लटकवलेला, त्यावर काट्याचा पीसी, पावतीचा प्रिंटर आणि हजेरीचं मशीन. एकाने घरचा लॅपटॉप तिथे खुपसला, नियम लागला आणि केबिनचं सगळंच गेलं. फोन आला, ‘भाऊ, काटा बंद पडी गया, बाहेर गाड्यासनी लाइन लागी जायेल शे!’ मी धावत गेलो तर ट्रकची रांग गेटबाहेर. ज्या पोर्टखाली दुसरा स्विच आहे किंवा जो अपलिंक (दुसऱ्या स्विचकडे वा फायरवॉलकडे जाणारा) आहे, त्यावर पोर्ट बंद करण्याची अ‍ॅक्शन कधीही ठेवू नका. मॅकच अडवा.

पैसे वसूल झाले ते फेब्रुवारीतल्या एका रात्री. गोडाऊनचा एनव्हीआर बाहेरच्या एका बदनाम पत्त्याशी बोलू लागला आणि मिनिटाच्या आत तोडला गेला. मी झोपेत. जाग आली ती शेठच्या फोनने, ते सुरतेला होते आणि मोबाइलवर कॅमेरे काळे दिसत होते. रेकॉर्डिंग मात्र चालूच होतं, कारण कॅमेरे एनव्हीआरच्या स्वतःच्या पोर्टांना जोडलेले. मूळ कुठे? शेठना बाहेरून बघता यावं म्हणून पूर्वी केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून थेट एनव्हीआरपर्यंत उघडी वाट) आणि कधीच न बदललेला पासवर्ड. २०१६ मध्ये मिराई बॉटनेटने जगभरचे कॅमेरे असेच गिळले होते. आता शेठ व्हीपीएन (ऑफिसपर्यंतची कुलूपबंद वाट) लावून बघतात. ‘एक बटण जास्त दाबावं लागतं’ ही त्यांची तक्रार अजून आहे.

बारीकसारीक खोडी आहेत. व्हीलॅन बदलला तरी पीसी जुना आयपी धरून बसतो, म्हणून स्विचने पोर्ट एकदा खालीवर करायला हवा, ते सेटिंग शोधून चालू करा. मोबाइलवर फार भरवसा ठेवू नका, वायफायच्या सेटिंगमध्ये रँडम (बनावट) मॅकऐवजी फोनचा खरा मॅक निवडला की गडी नव्या नावाने हजर. अडकलेलं मशीन आमच्याकडे आपोआप सुटत नाही, मीच सोडतो, आणि ते तसंच बरं आहे.

लॉगचं, म्हणजे घडामोडींच्या नोंदींचं, मात्र आधीच बघा. आमच्या मॉडेलमध्ये डिस्क नाही, रीस्टार्ट झालं की लॉग गायब. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग ठेवायचे आणि घटना ६ तासांत कळवायची, तेव्हा एका जुन्या पीसीवर सिसलॉग (लॉग साठवणारा प्रोग्रॅम) चालू केला. दरवर्षीच्या सबस्क्रिप्शनचे पैसेही कोटेशनमध्येच धरा. ते संपलं की वाईट पत्त्यांची यादी शिळी होते आणि शिळ्या यादीवर नियम चालवून उपयोग नाही.

आज पुन्हा बसवायचं असतं तर पहिला महिना फक्त मेल येऊ दिला असता, तोडायची अ‍ॅक्शन लावलीच नसती. त्या महिन्याच्या मेलांवरूनच अपवादाची यादी तयार झाली असती.

आणि हो, काट्याच्या केबिनला पत्र्याचं छप्पर आहे. मे महिन्यात तिथला बिनपंख्याचा स्विच दुपारी दोनदा गुपचूप रीस्टार्ट झाला, मी मात्र दोन दिवस फायरवॉलचे नियम उकरत बसलो. आता रॅकला छोटा पंखा लावलाय. त्याचं बिल शेठनी अजून पास केलेलं नाही.