पेनड्राइव्ह लावला की प्रोसेसर तापतो: ६४ जीबी यूएसबी ३.० आणि लिनक्स, काही महिन्यांच्या वापरानंतर

वाचण्याचा वेग चांगला, लिहिण्याचा बेताचा, किंमत वाजवी. पेनड्राइव्हबद्दल एवढं पुरे. तक्रार येते ती वेगळीच: लिनक्सवर तो लावला की पंखा जोरात फिरतो आणि लोड ॲव्हरेज (चालू किंवा अडकलेल्या कामांचा सरासरी आकडा) ५-६ वर जातं. परत करायला धावण्याआधी प्रोसेसर नेमकं कोण खातंय ते बघा.

टर्मिनलमध्ये 'टॉप' (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) चालवून 'यूएस' (प्रोग्रामांनी खाल्लेला वेळ), 'एसवाय' (लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने खाल्लेला) आणि 'डब्ल्यूए' (डिस्कची वाट बघण्यात गेलेला) हे तीन आकडे वाचा. फक्त 'डब्ल्यूए' मोठा असेल तर प्रोसेसर रिकामा आहे, तो पेनड्राइव्हची वाट बघतोय. अशा अडकून पडलेल्या प्रोसेसही लिनक्स लोडमध्ये धरतं, त्यामुळे आकडा फुगतो. कॉपी १०० टक्क्यांवर पोचून तिथेच थांबते तेही याच कारणाने, डेटा अजून रॅममध्येच असतो. रॅममध्ये न लिहिलेला डेटा किती साठू द्यायचा ते ठरवणारी कर्नलची सेटिंग, 'व्हीएम डर्टी बाइट्स', ५०३३१६४८, म्हणजे ४८ एमबी, ठेवली की प्रगतीपट्टी खरं बोलू लागते.

'यूएस' मोठा असेल तर एक्सएफसीई या डेस्कटॉपवर बहुतेक वेळा 'टंबलरडी' हा थंबनेल बनवणारा प्रोग्राम सापडतो. आपल्याकडे पेनड्राइव्हवर असतात जत्रेतली नाटकं आणि भजनांची रेकॉर्डिंगं, एकेक फाइल दोन-तीन जीबीची. फोल्डर उघडलं की हा प्रत्येकीचं छोटं चित्र काढत बसतो आणि त्या नादात पेनड्राइव्ह बाहेरही काढू देत नाही. थुनार या फाइल मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये थंबनेल बंद करा. फक्त व्हिडिओपुरतं बंद करायचं असेल तर टंबलरच्या कॉन्फिग फाइलमध्ये एफएफएमपेग विभागात 'डिसेबल्ड' ट्रू करा, मग लॉगआउट करून परत या.

टॉपच्या यादीत 'माउंट एनटीएफएस' वरच्या ओळींत दिसला तर पेनड्राइव्ह विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटमध्ये आहे, फॉरमॅट बदला. तो चालवणारा ड्रायव्हर, एनटीएफएस-३जी, कर्नलच्या बाहेर चालतो, लिहिण्याच्या प्रत्येक कामाला आत-बाहेर फेऱ्या होतात. विंडोजही वापरत असाल तर एक्सफॅट घ्या, कर्नल ५.७ पासून त्याचा चांगला ड्रायव्हर आतच आहे. निव्वळ लिनक्ससाठी ईएक्सटी४. डेटा आधी दुसरीकडे ठेवायचा हे सांगायला नकोच.

गोव्यात सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते मात्र चौथ्या कारणाकडे. 'केवर्कर' (कर्नलची मागची कामं) आणि 'युडेव्ह' (नवीन उपकरण ओळखणारा प्रोग्राम) यादीत सतत वर येत असतील तर 'डीमेसेज' ही कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड चालू ठेवून बघा. डिस्कनेक्ट आणि पुन्हा उपकरणाचा नवा नंबर, अशी साखळी दिसली तर संपर्क तुटतोय. दर वेळी युडेव्हचे नियम नव्याने चालतात, ड्राइव्ह पुन्हा माउंट होतो, थंबनेलही पहिल्यापासून सुरू. ओळीत 'सुपरस्पीड'ऐवजी 'हाय-स्पीड' असेल तर यूएसबी ३ चा पेनड्राइव्ह यूएसबी २ वर उतरलाय. पणजी, वास्को, कळंगुट अशा खाऱ्या हवेच्या पट्ट्यात, त्यातही जून ते सप्टेंबर, पिना काळवंडतात. मशीन बंद करून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड घेऊन पेनड्राइव्हच्या पिना पुसा, पूर्ण सुकू द्या. पोर्टमध्ये सुई-टाचणी घालू नका. डेस्कटॉपवर पुढचा पोर्ट सोडून मागचा वापरा, पुढच्या पोर्टची आतली वायर हे आणखी एक कच्चं ठिकाण असतं. वापर नसेल तेव्हा पेनड्राइव्ह सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात.

मागच्या पोर्टवर, पिना स्वच्छ असतानाही तुटणं चालूच राहिलं तर दोष पेनड्राइव्हच्या कंट्रोलरचा धरा. डेटा लगेच काढून घ्या आणि वॉरंटीत बदलून मागा.