चोर सोडून संन्याशाला फाशी: बिनतारी कीबोर्डचा सात महिन्यांचा अनुभव

या कीबोर्डला पहिल्याच महिन्यात दोन तारे देऊन मी मोकळी झाले होते. सोबत एकच ओळ लिहिली होती: ‘शॉर्टकट त्याच्या मर्जीने चालतात.’ सात महिने रोज आठ-नऊ तास बडवल्यावर ती ओळ मागे घ्यावी लागतेय. कीबोर्ड धुतल्या तांदळासारखा निघाला असं मुळीच नाही. त्याचे दोन गुन्हे खरे आहेत, ते पुढे येतीलच. पण त्याच्या नावावर मी खपवलेल्या बाकीच्या तक्रारींशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

माझं काम भाषांतराचं. डाव्या विंडोत इंग्रजी, उजव्या विंडोत मराठी, मागे कुठेतरी शब्दकोश. डावा हात दिवसभर कंट्रोल आणि ऑल्टच्या आसपास घुटमळत असतो. कॉपी झालं असं धरून पेस्ट करावं आणि मघाचाच परिच्छेद पुन्हा उमटावा, हे दिवसातून तीनदा झालं की माणूस प्रत्येक कंट्रोल-सी चारचारदा दाबायला लागतो. मी लागले होते. कीबोर्ड कायमचा बंद पडला असता तर दुसऱ्याच दिवशी परत पाठवला असता. पण हे दुखणं डॉक्टरांसमोर गेलं की पळून जाणाऱ्या खोकल्यासारखं होतं. दुसऱ्या कुणाला दाखवायला जावं, तर सगळं सुरळीत.

पहिले दोन महिने मी नुसते नवस केले. बॅटरी काढून घातली. डोंगल, म्हणजे यूएसबीच्या खाचेत बसून कीबोर्डशी बिनतारी बोलणारा तो छोटा तुकडा, उपसून पुन्हा खुपसला. ड्रायव्हर, म्हणजे कीबोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर, काढून परत टाकला. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, शॉर्टकट चालू झाले, म्हणून रीस्टार्टवर श्रद्धा बसली. नंतर एकदा काहीही न करता ते आपोआप चालू झाले, तेव्हा लक्षात आलं की आधीही कावळा बसायला आणि फांदी मोडायलाच गाठ पडली होती.

मग एक वही केली. शॉर्टकट फसला की पाच गोष्टी टिपायच्या: वेळ, कोणता शॉर्टकट, समोर कोणता प्रोग्राम, टास्कबारवर भाषा कोणती, आणि त्याच क्षणी साधी अक्षरं उमटतात का. शेवटचा रकाना मी सहज म्हणून घातला होता, पण निम्मा गुंता त्यानेच सोडवला. अक्षरंही गळत असतील तर दोष कीबोर्डात, त्याच्या रेडिओत (बिनतारी संपर्कात) किंवा यूएसबीत शोधायचा. अक्षरं धडाधड उमटतायत आणि फक्त शॉर्टकट मरतायत, तर कीबोर्डने आपलं काम केलंय. पुढे कुणीतरी टपाल अडवतंय.

वही भरत असतानाच कपाटातला जुना वायरवाला कीबोर्ड काढून नऊ दिवस वापरला. त्या नऊ दिवसांतही चार नोंदी झाल्या! दोन तारे दिल्याची लाज वाटायला सुरुवात झाली ती इथे.

पहिला चोर घरातलाच निघाला, मराठीची इनस्क्रिप्ट मांडणी, म्हणजे कोणत्या कीवर कोणतं मराठी अक्षर ते ठरवणारी रचना. बहुतेक प्रोग्राम शॉर्टकटसाठी कोणती की दाबली एवढंच पाहतात, त्यामुळे भाषा मराठी असली तरी कंट्रोल-सी चालतं. पण काही प्रोग्राम त्या कीमधून कोणतं अक्षर निघतं ते पाहतात. जुन्या धाटणीच्या मेनूंचं तर असंच आहे. ऑल्ट-एफ दाबून फाइल मेनू उघडायला गेले, तर इनस्क्रिप्टमध्ये एफच्या जागी आहे पहिली वेलांटी. मेनूत वेलांटीवरून सुरू होणारं काही नसतं. टुंग असा आवाज येतो आणि काहीच घडत नाही. इंग्रजीत असताना तीच की मेनू उघडते. वहीतल्या ऑल्टच्या सगळ्या नोंदींपुढे भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ होतं, आणि ते मला सलग वाचेपर्यंत दिसलं नव्हतं.

यात भर पडते ती भाषा नकळत बदलण्याची. विंडोजमध्ये डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून सोडले की भाषा बदलते. ऑल्ट-शिफ्ट-टॅब करत मागच्या विंडोवर जाणाऱ्याच्या हातून हे दिवसातून कितीदा होत असेल! शिवाय प्रत्येक विंडोसाठी वेगळी भाषा लक्षात ठेवण्याची सोय मीच कधीतरी चालू करून ठेवली होती. म्हणजे एका विंडोत शॉर्टकट चालतो, दुसरीत नाही, परत आलं की पुन्हा चालतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे भुताटकीच वाटेल. कीबोर्डच्या प्रगत सेटिंगमध्ये भाषा बदलणाऱ्या की निवडता येतात. तिथे ऑल्ट-शिफ्ट काढून टाकलं आणि भाषा बदलायला विंडोज-स्पेस तेवढं ठेवलं. या एका बदलाने वहीतल्या साधारण अर्ध्या नोंदी बंद झाल्या.

याच घराण्यातला आणखी एक त्रास. ज्या मांडणीत उजव्या ऑल्टने जास्तीची अक्षरं निघतात, तिथे विंडोज त्या उजव्या ऑल्टला कंट्रोल अधिक ऑल्ट समजतं. मी हौसेने स्वतःचे बरेच शॉर्टकट कंट्रोल-ऑल्टवर नेमले होते. त्यातले काही एखादं चिन्ह उमटवायचे, तर कधी चिन्ह उमटवायला जावं तर शॉर्टकट चालायचा. सगळे तिथून हलवले.

दुसरा चोर सापडायला सर्वात जास्त वेळ लागला, आणि खरं सांगायचं तर शोधताना मजाही तिथेच आली. काही शॉर्टकट कोणत्याही विंडोतून चालावेत म्हणून प्रोग्राम ते विंडोजकडे नोंदवतात. नियम साधा आहे: जो आधी येईल त्याला मिळेल. मागून येणाऱ्याला क्रमांक १४०९ ची एरर मिळते, अर्थ असा की हा शॉर्टकट आधीच कुणीतरी घेतलाय. ही एरर प्रोग्रामने तुम्हाला दाखवायची की गिळून टाकायची, हे ज्याच्या त्याच्या संस्कारांवर. माझ्याकडे स्क्रीनशॉट घेणारं एक छोटं टूल आणि शब्दकोशाचा प्रोग्राम असे दोघेही कीच्या एकाच जोडीवर डोळा ठेवून होते, आणि दोघेही कॉम्प्युटर चालू होताना आपोआप सुरू व्हायचे. ज्या दिवशी शब्दकोश आधी उठायचा त्या दिवशी शब्द शोधता यायचे. स्क्रीनशॉटवालं आधी उठलं की शब्दकोश मुका. दोघेही गप्प. रीस्टार्टने ‘कधीकधी’ दुरुस्ती व्हायची ती यामुळे. प्रत्येक रीस्टार्ट म्हणजे पुन्हा एकदा नाणं उडवणं होतं.

चोर पकडण्याची रीत कंटाळवाणी आहे. घड्याळाशेजारच्या बाणाखाली लपलेले प्रोग्राम एकेक करून बंद करायचे आणि दर वेळी शॉर्टकट दाबून पाहायचा. माझा सातवा होता.

तिसऱ्याने मात्र मला खरंच चकवलं. की बदलून देणारी, एका कीवर पूर्ण वाक्य टाकणारी टूलं बहुधा कीबोर्ड आणि प्रोग्रामच्या मधे नाक्यासारखी बसतात. प्रत्येक की त्यांच्या हातून पुढे जाते. विंडोज त्यांना त्यासाठी ठरावीक वेळ देतं, आणि विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून ही मुदत फार तर १००० मिलिसेकंद असू शकते. टूलने वेळेत उत्तर दिलं नाही तर विंडोज ७ पासून त्याला नाक्यावरून गुपचूप उठवलं जातं. आपल्याला उठवलंय हे त्या बिचाऱ्या टूललाही कळत नाही. त्याचं चिन्ह खाली दिमाखात दिसत राहतं, आणि शॉर्टकट मात्र मेलेले. वहीत या नोंदी नेमक्या मोठी फाइल उघडताना किंवा व्हिडिओ कॉल चालू असतानाच्या होत्या. तेव्हा कॉम्प्युटर धापा टाकत असतो, टूलला उत्तर द्यायला उशीर होतो. आता असं झालं की फक्त ते टूल बंद करून पुन्हा चालू करते. अख्खा कॉम्प्युटर रीस्टार्ट करायची गरज नाही.

त्यातच एक सापळा आहे. कॉम्प्युटर कशाने दमलाय ते पाहायला आपण टास्क मॅनेजर उघडतो आणि तिथेच उभं राहून शॉर्टकट तपासतो. टास्क मॅनेजर वरच्या (ॲडमिनिस्ट्रेटरच्या) अधिकाराने चालतो, आणि साध्या अधिकाराने चालणाऱ्या टूलला वरच्या अधिकाराच्या विंडोतल्या की दिसत नाहीत. विंडोज व्हिस्टापासून हे सुरक्षेसाठी मुद्दाम केलेलं आहे. म्हणजे तपासायला गेलो की शॉर्टकट हटकून मेलेला सापडणार! मी अर्धा दिवस या चकव्यात फिरले.

किरकोळ भुरटे भराभर सांगते. शिफ्ट पाचदा दाबली की स्टिकी कीज (कंट्रोल, शिफ्ट सोडल्या तरी दाबलेल्याच धरणारी सोय) चालू करायचं का असं विचारलं जातं, आणि विचारात बुडालेला माणूस न वाचताच हो म्हणतो. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की फिल्टर कीज. मग पटकन दाबलेल्या कीकडे दुर्लक्ष होतं. दोन्हींच्या या वाटा सेटिंगमधून बंद करता येतात. रिमोट डेस्कटॉपमध्ये, म्हणजे लांबचा कॉम्प्युटर आपल्या पडद्यावर चालवताना, ऑल्ट-टॅब इकडे चालावं की तिकडे, की फक्त फुल स्क्रीन असताना तिकडे, हे ठरवणारी एक सोय आहे. ती पाहिली नाही तर विंडो लहान-मोठी केल्यागणिक शॉर्टकट घर बदलतात. आणि कंट्रोल दाबलेला असताना समोरची विंडो बदलली तर सोडल्याची खबर भलतीकडेच जाते आणि कंट्रोल दाबलेलाच राहतो. अशा वेळी दोन्ही बाजूंचे कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट एकेकदा दाबून सोडायचे. शंका असेल तर विंडोज-कंट्रोल-ओ दाबून पडद्यावरचा कीबोर्ड उघडायचा. तुम्ही दाबलेली की तिथे उजळते, अडकलेली असेल तर उजळलेलीच राहते. कॉपी खरंच झालं की नाही ते विंडोज-व्हीच्या यादीत दिसतं. यादी आधी चालू करून ठेवावी लागते एवढंच.

आता या कीबोर्डचे स्वतःचे गुन्हे.

पहिला सर्वात वाईट आहे. दहा मिनिटं हात लावला नाही की हा झोपतो आणि जागं करणारी पहिली की गिळून टाकतो. ती की एखादं अक्षर असेल तर फार बिघडत नाही. पण मी वाचून झाल्यावर परिच्छेद माऊसने निवडते आणि कंट्रोल-सी दाबते. कंट्रोल गेला झोप उडवण्यात, आणि उरलेल्या सीने माझा निवडलेला परिच्छेद पुसून तिथे एकटा सी टाकला. असं आठवड्यातून दोनदा तरी होतं. झोपेची वेळ वाढवायची सोय नाही, निदान मला तरी सापडलेली नाही. आता उठून आल्यावर आधी एकदा शिफ्ट दाबायची सवय लावून घेतली आहे.

दुसरा गुन्हा अर्धाच त्याचा. डोंगल माझ्या बाहेरच्या हार्ड डिस्कच्या शेजारी, निळ्या यूएसबी ३ च्या खाचेत होता. डिस्कवर बॅकअप चालू झाला की अक्षरंही गळायची, शॉर्टकटही. यूएसबी ३ वरून डेटा वाहत असताना जो रेडिओ-गोंगाट होतो तो २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात पोहोचतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहून ठेवलं आहे. बिनतारी कीबोर्ड-माऊसचे डोंगल नेमके याच पट्ट्यात बोलतात. यूएसबीची एक छोटी एक्सटेन्शन वायर घेऊन डोंगल डिस्कपासून लांब, टेबलावर आणून ठेवला. गळती थांबली. अशी वायर खोक्यातच द्यायला हवी होती, म्हणून अर्धा गुन्हा.

फंक्शन आणि विंडोज की एकत्र दाबली की विंडोज की कुलूपबंद होते. ही सोय गेम खेळणाऱ्यांसाठी असावी. माझ्यासारखीला ती फक्त चुकून लागते, आणि कुलूप लागल्याचा दिवा इतका मिणमिणता की दिवसा दिसतच नाही.

बाकी कीबोर्ड छान आहे. कींचा स्पर्श सात महिन्यांनीही तसाच, आवाज बेताचा. कंट्रोल अगदी कोपऱ्यात आणि रुंद असल्यामुळे करंगळीला न पाहता सापडतो. सीवरचं अक्षर मात्र पुसट व्हायला लागलंय, यात माझाच हात आहे.

दोनाचे साडेतीन तारे करतेय. अर्धा तारा त्या झोपेसाठी कापला आणि एक अख्खा तिने खाल्लेल्या परिच्छेदांसाठी.