हायब्रिड एमएस्सी: आठ महिन्यांनंतर

मी भोरला राहते, कॉलेज पुण्यात, विषय स्टॅटिस्टिक्स. आठवड्यातले तीन दिवस वर्गात आणि बाकी घरून. एसटीने स्वारगेटला जाऊन यायला चार तास सहज जातात, त्यामुळे घरचे दिवस मिळाले नसते तर मी एमएस्सीला अ‍ॅडमिशनच घेतली नसती, हे आधी सांगते.

सगळ्यात जास्त उपयोग झाला रेकॉर्डिंगचा. मॅक्झिमम लाइकलीहूडची (हाती असलेल्या डेटावरून अज्ञात संख्येचा अंदाज काढायची पद्धत) एक सिद्धता मी चार वेळा थांबवून थांबवून पाहिली, प्रत्येक पायरी वहीत स्वतः करून बघितली, तेव्हा कुठे समजली. वर्गात मी चार वेळा "सर परत सांगा" म्हटलंच नसतं.

पण सर वर्गात शिकवतायत आणि आम्ही तेच लाइव्ह घरून बघतोय, हा प्रकार मला अजिबात आवडला नाही. फळा अर्धाच दिसतो, मागच्या बाकावरून कुणी काय विचारलं ते ऐकू येत नाही, चॅटमध्ये शंका टाकली तर ती तास संपल्यावर वाचली जाते आणि तोवर विषय कुठल्या कुठे गेलेला असतो. पहिले दोन महिने वाटायचं की आपण वर्गाच्या खिडकीबाहेर उभे आहोत. आम्ही सगळ्यांनी मिळून सरांना सांगितलं, आता दर तासाला वर्गातला एक जण चॅटवर लक्ष ठेवतो आणि शंका लगेच मोठ्याने वाचतो. एवढ्यानेच खूप फरक पडला!

आर या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरचं प्रॅक्टिकल मात्र लॅबमध्येच करावं. एरर आला की मॅडम स्क्रीन बघून दोन मिनिटांत चूक दाखवतात, घरी त्याच एररवर माझी अख्खी संध्याकाळ गेलीय.

एक विषय स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून एनपीटीईएलचा (आयआयटीसारख्या संस्थांचे ऑनलाइन कोर्स) घेतला, बारा आठवड्यांचा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स असे ऑनलाइन घेता येतात. असाइनमेंटला २५ मार्क, सेंटरवर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. शिकवणं उत्तम, पण दर आठवड्याची डेडलाइन असल्यामुळे "सवडीने करू" चालत नाही आणि मला त्याचा फायदाच झाला.

अ‍ॅडमिशन घेणाऱ्यांनी कॉलेजला आधी एवढं विचारा की रेकॉर्डिंग किती दिवस ठेवता. आमच्याकडे सुरुवातीला सातच दिवस होतं, मी तापाने आजारी असताना दोन तास तसेच गेले. आता सेमिस्टर संपेपर्यंत ठेवतात.